चिल्लरीचं गाणं

बँकेतल्या माणसाला संगीत कळत नाही, असा ठराव आमच्या घरात फार पूर्वी सर्वानुमते मंजूर झाला आहे. 'सर्वानुमते'त माझंही मत आलं. दिवसभर नोटा मोजायच्या यंत्राची फर्रफर्र ऐकणाऱ्या कानांकडून दुसरी अपेक्षा ती काय करणार?

तर परवा संध्याकाळी पेपर वाचत बसलो होतो. आतल्या खोलीत चिल्लर सांडल्याचा आवाज झाला. मग गल्ला उघडल्याचा, कागद फाडल्याचा. मी ताडकन उठलो. "कुणाचे पैसे सांडले गं?"

"बाबा, गाणं आहे ते!" कन्यारत्न म्हणालं. अकरावीत आहे. "पिंक फ्लॉइडचं 'मनी'!"

गाणं १९७३ सालचं. माझ्याहून वयाने मोठं, म्हणजे खरं तर त्याला 'अहो' म्हणायला हवं. रॉजर वॉटर्सनं लिहिलेलं. त्याची बायको ज्या भांड्यात मातीकाम करायची, त्यात त्यानं नाणी फेकून आवाज टिपला. मग असल्या आवाजांच्या फितीचे मोजून तुकडे कापले आणि जोडले. ठेका सात मात्रांचा. म्हणजे आमच्या रूपकाइतक्याच! आणि ज्या तबकडीत हे गाणं आहे, ती १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेतल्या खपाच्या यादीत ७४१ आठवडे होती. रामाचा वनवास संपून वर सुमारे अडीच महिने.

मी कॉमर्सवाला. आम्हाला शिकवलंय की प्रत्येक वस्तूला घसारा लागतो. माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर चार-पाच वर्षांत भंगारात निघतो. मग या गाण्याला घसारा का नाही? पन्नास वर्षं उलटली तरी माझी पोरगी ते ऐकते!

पण मला खरी खटकली ती पुढची गोष्ट. पैशाच्या हावेची टर उडवणाऱ्या या गाण्यानं त्या मंडळींना गडगंज केलं. मग वडिलोपार्जित वाड्यावरून भाऊ भांडतात तसे ते बँडच्या नावावरून भांडले. आणि २०२४ साली आपली सगळी ध्वनिमुद्रणं सोनी कंपनीला विकली. बातम्यांतला आकडा सुमारे ४० कोटी डॉलरचा! मी जाहीर केलं, "ढोंगी लेकाचे! लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

"म्हणजे गाणं खोटं ठरलं?" पोरीनं विचारलं.

"अलबत!"

"मग काल त्या आजींना पॉलिसी विकलीत, ते?"

आता हे तिला ठाऊक असायचं कारण मीच. जेवताना फुशारकीनं सांगितलं होतं. चौसष्ट वर्षांच्या बाई मुदत ठेव नव्यानं ठेवायला आल्या होत्या. मी त्यांना गोड बोलून दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी दिली. महिनाअखेर होती, टार्गेट अपुरं होतं. सही करताना बाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार."

घास अडकावा तसं झालं. गाणं चालूच होतं. चिल्लर पुन्हा पुन्हा सांडत होती.

रात्रभर हिशेब मांडला. चेक लिहिणाऱ्याचं चारित्र्य वाईट म्हणून आपण चेक परत करत नाही. खात्यात शिल्लक आहे का, एवढंच बघतो. गाण्याचंही तेच असावं. गाणारे हावरट निघाले म्हणून हावेबद्दलचं म्हणणं खोटं ठरत नाही. उलट पुरावा वाढतो. आणि घसारा का लागत नाही, तेही उमगलं. त्या खात्यात आपण सगळे रोज भरणा करतो. मी तर परवाच केला होता.

सकाळी बाईंना फोन केला. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते, अर्जाचा मसुदा मीच लिहून देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "चूक झाली होती का हो?"

"हो, माझी," म्हणालो. हे दोन शब्द नोकरीच्या वीस वर्षांत प्रथमच उच्चारले.

टार्गेटबद्दल साहेब जे बोलले ते छापण्याजोगं नाही. मात्र ते बोलत असताना पलीकडच्या काउंटरवर कुणाची तरी चिल्लर सांडली, आणि मी टेबलावर बोटांनी चक्क सात मात्रा मोजल्या.

सम चुकली. ठराव अजून कायम आहे.