दुपारी दवाखाना बंद असताना

कर्जत, नेरळ, खोपोली या पट्ट्यातले दवाखाने लोकलच्या वेळापत्रकावर चालतात. मुंबईला नोकरीला जाणारा माणूस पहाटे घर सोडतो आणि रात्री आठ-नऊला परततो. त्याची अंगदुखी, आईचा रक्तदाब, मुलाचा खोकला, सगळं त्यानंतर. म्हणून संध्याकाळची ओपीडी पाटीवरच्या वेळेला सुरू होते, पण संपते शेवटचा पेशंट गेल्यावरच. सकाळची गर्दी निराळी. कडाव, कशेळे, खांडसकडच्या वाड्यांवरून आलेले ठाकर आणि कातकरी, खोपोलीच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेले कामगार, शनिवार-रविवारी फार्महाउसवर येऊन पोट बिघडलेले मुंबईकर. या सगळ्यांना एकाच खुर्चीत बसून तपासणारा माणूस म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. त्याला स्वतःच्या कामात बरं वाटावं यासाठी काही शिकवता येतं का? माझ्या मते येतं, आणि ते आपण फारसं मनावर घेतलेलं नाही.

डॉक्टर थकतात म्हटलं की आपण पेशंटांची संख्या मोजतो. संख्येनं येणारा थकवा खराच, पण तो झोपेनं उतरतो. न उतरणारा थकवा दुसरीकडून येतो. ऐन लावणीच्या दिवसांत संध्याकाळी सातला वाडीवरची बाई तापलेलं पोर कडेवर घेऊन येते. तिसरा दिवस, पोर मलूल, अंगावर पीत नाही. डॉक्टर म्हणतात, याला आत्ताच ॲडमिट करायला हवं. कशेळ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि फारच वाटलं तर पनवेल. बाई म्हणते, "घरी विचारून उद्या येते." घरी अजून दोन पोरं आहेत, उद्याची मजुरी आहे, जीपवाल्याला द्यायला पैसे नाहीत. डॉक्टर औषध देतात, चिठ्ठी लिहितात, पैसे घेत नाहीत. "नक्की आणशील ना गं?" ती मान हलवते. बाहेर वीस माणसं थांबलेली असतात. दुसऱ्या दिवशी ती येत नाही. पोर बरं झालं म्हणून आली नाही, की दुसरीकडे नेलं, की आणखी काही? डॉक्टरांना ते कुणी येऊन सांगत नाही. रजिस्टरात एक ओळ राहते आणि मनात एक गाठ. अशा गाठी वीस-पंचवीस वर्षं साठत जातात. मग एक दिवस तेच डॉक्टर नव्या आईवर खेकसतात, किंवा काहीच न विचारता इंजेक्शन देऊन मोकळे होतात. लोक म्हणतात, पूर्वी डॉक्टर असे नव्हते.

या गाठीचं काय करायचं हे त्यांना कधी शिकवलेलंच नसतं. पूर्वी गावोगाव एलसीपीएस हा परवाना घेतलेले डॉक्टर असत. १९४६ च्या भोर समितीनं अशा परवानाधारकांचं शिक्षण बंद करून एकाच दर्जाचा, सर्व गोष्टी जाणणारा डॉक्टर घडवावा अशी शिफारस केली. हेतू उत्तम होता. पण एमबीबीएस होणाऱ्यांची नजर पुढे एमडी-एमएसवर राहिली, आणि गावातली खुर्ची मुख्यतः बीएएमएस आणि बीएचएमएस झालेल्यांनी सांभाळली. तिन्ही अभ्यासक्रम रोगाभोवती रचलेले. डॉक्टरची वृत्ती, संवाद आणि नीती यांचा स्वतंत्र पाठ एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ च्या तुकडीपासून आला. आज जे पन्नाशीत आहेत, त्यांच्या वाट्याला तो आलाच नाही.

लंडनमध्ये १९५० च्या दशकात मायकेल बालिंट या मूळच्या हंगेरियन मनोविश्लेषकानं आणि त्याची पत्नी एनिड हिनं टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांचे छोटे गट बसवायला सुरुवात केली. १९५७ मध्ये त्यावरचं त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं की, डॉक्टर सर्वांत जास्त वेळा जे औषध देतो ते म्हणजे तो स्वतः, आणि त्या औषधाची मात्रा किंवा दुष्परिणाम कुठल्याच ग्रंथात दिलेले नाहीत. ही पद्धत जगभर पसरली आणि आजही चालते. आठ-दहा डॉक्टर गोल करून बसतात. एक जण केसपेपर न उघडता, आठवेल तसा एक पेशंट सांगतो. बाकीचे आधी फक्त माहितीपुरते प्रश्न विचारतात. मग सांगणारा आपली खुर्ची थोडी मागे ओढतो आणि गप्प बसून ऐकतो. इतर जण बोलतात: त्या पेशंटला काय वाटलं असेल, डॉक्टरला काय वाटलं असेल. अमुक अँटिबायोटिक का नाही दिलं, असं कुणी विचारलं की गट चालवणारा त्याला हळूच परत मूळ मुद्द्यावर आणतो.

वाडीवरची ती बाई अशा गटात आली तर काय होईल? एखादा म्हणेल, मला तिचा रागच आला असता. दुसरी म्हणेल, तिला दवाखान्याची नाही, सासूची भीती असेल. तिसरा म्हणेल, तेवढ्या पावसात ती तुमच्याकडेच आली, म्हणजे तिच्या लेखी तुमच्या हाताला गुण आहे. खुर्ची मागे घेतलेले डॉक्टर हे सगळं ऐकतात. त्या पोराचं काय झालं हे यातून कळत नाही. पण पुढच्या वेळी "आणशील ना?" ऐवजी "घरी कुणाला विचारावं लागतं?" असं विचारावं हे सुचतं, आणि वाडीवरच्या आशाताईंना फोन करावा हेही सुचतं. ते ओझं आपल्या एकट्याचं नाही हे समोर बसलेल्या आठ जणांच्या चेहऱ्यांवर दिसतं. याला मी शिक्षण म्हणतो. ताणतणावावरचं तासाभराचं व्याख्यान, शेवटी दीर्घ श्वास आणि चहा, याला म्हणत नाही.

अमेरिकेत यावर मोजमापही झालं आहे, आणि योगायोगानं रोचेस्टर नावाच्याच दोन वेगवेगळ्या गावांत. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये ७० प्राथमिक डॉक्टरांना आठ आठवडे, दर आठवड्याला अडीच तास आणि त्यानंतर दहा महिने महिन्यातून एकदा बसवलं. ध्यान, आपल्या पेशंटांच्या हकिगती लिहिणं आणि त्या एकमेकांना ऐकवणं असा तो क्रम होता. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कामानं करपून जाण्याची लक्षणं कमी झाली, पेशंटविषयीची आस्था वाढली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता ही त्यातली उणीव. मिनेसोटातल्या रोचेस्टरमध्ये, मेयो क्लिनिकमध्ये, ती भरून निघाली. तिथे ७४ डॉक्टर घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन भाग केले. एका भागाला नऊ महिने, दर पंधरवड्याला एक तास गटात बसायला दिला. कामाच्या वेळेतला, पगारी तास. पेशंटकडे कोरडेपणानं बघण्याची वृत्ती त्या गटात कमी झाली आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं की, फक्त डॉक्टरला बदलू पाहणाऱ्या उपायांपेक्षा कामाची व्यवस्था बदलणारे उपाय अधिक गुणकारी ठरतात.

इथे आपली गाडी अडते. मेयोच्या डॉक्टरांना तास देणारी संस्था होती. नेरळच्या डॉक्टरला तो कोण देणार? तो कुणाचाच नोकर नाही. कोविडच्या काळात हे फार कठोरपणे दिसलं. नवी मुंबईत दवाखाना उघडा ठेवण्याची नोटीस महापालिकेनं एका खासगी डॉक्टरला दिली होती. जून २०२० मध्ये ते कोविडनं गेले. कुटुंबानं ५० लाखांच्या सरकारी विम्याची मागणी केली, तेव्हा त्यांची सेवा सरकारनं मागून घेतलेली नव्हती असं सांगण्यात आलं. २०२१ मध्ये उच्च न्यायालयानंही मागणी फेटाळली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. संकटात ज्याच्यावर विसंबायचं, त्याच्या सुखदुःखाची जबाबदारी कुणाच्या खात्यात हे ठरलेलंच नव्हतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच पट्ट्यातल्या डोंगरावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. अशा घटनेनंतर वाचलेल्यांना धीर द्यायला माणसं हवीतच. पण ज्यांनी वर्षानुवर्षं अशा घरांतली पोरं तपासलेली असतात, त्या पायथ्याच्या डॉक्टरांनाही कुणीतरी विचारायला हवं, तुम्ही कसे आहात?

कामात बरं वाटणं म्हणजे आराम मिळणं, असं मात्र मी मानत नाही. याच रायगड जिल्ह्यात, तो कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जात होता तेव्हा, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू चावलेली मुलं त्यांच्यासमोर दगावत होती आणि हाताशी खात्रीचा इलाज नव्हता. ते रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणं टिपत राहिले. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये आलं, पुढे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर देता येतं हे त्यांनी दाखवलं, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. त्यांनी सुट्टी घेतली नाही, उलट अधिक काम केलं. पण हतबलतेचा त्यांनी प्रश्न केला आणि प्रश्नाचा पाठलाग केला. प्रत्येक डॉक्टर बावस्कर होणार नाही. गटात बसून एक पेशंट नीट सांगणं हे त्याच वाटेवरचं छोटं पाऊल आहे, आणि ते कुणालाही टाकता येतं.

वेळ नाही ही सबब मला पटत नाही. आपल्याकडचे बहुतेक दवाखाने दुपारी एक-दीडला बंद होतात आणि पाच-सहाला उघडतात. महिन्यातून एका दुपारचे दोन तास निघू शकतात. आज ते औषध कंपन्यांच्या कार्यक्रमांना निघतातच. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक मागते, आणि ते बहुतांशी हॉलमध्ये मांडीवर फाइल घेऊन भाषणं ऐकून भरले जातात. त्यातले काही श्रेयांक अशा गटाला द्यावेत. अडचण अशी की ही परिषद ॲलोपॅथीवाल्यांची. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. होमिओपॅथांच्या आधुनिक औषधशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमावरून पॅथी-पॅथींत केवढं वाजलं हे आपण पाहिलंच आहे. कोण काय लिहून देऊ शकतो हा वाद न्यायालयात आणि मंत्रालयात चालू दे. वाडीवरची बाई परत आली नाही याचं दुःख मात्र तिन्ही पदव्यांना सारखंच होतं, तेव्हा या गटात पदवी विचारू नये आणि तिन्ही परिषदांनी त्याची नोंद घ्यावी.

गट चालवायला माणूस लागतो, तोही जवळच सापडेल. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचं काम आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवणाऱ्या या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे आधीच खूप काम आहे. तरी मनाचं काम जाणणाऱ्या मंडळींनी सुरुवातीच्या चार-सहा बैठका चालवून दाखवल्या, तर पुढे डॉक्टरांपैकीच कुणी तयार होईल.

खरी अडचण मला निराळीच दिसते. लंडनच्या गटातले डॉक्टर वेगवेगळ्या वस्त्यांतले होते. इथे एकाच रस्त्यावर समोरासमोर दवाखाने असतात. आपली हतबलता सांगायची आणि ती उद्या बाजारात ऐकायची, ही भीती खरी आहे. वाडीचं नाव न घेताही पेशंट ओळखू येतो. म्हणून एका तालुक्याचा एक गट करू नये. निम्मे कर्जतचे, निम्मे खालापूरचे असे मिसळावेत. कर्जत-खोपोली लोकलनं मधली चारच स्टेशनं आहेत, आणि एकदा कर्जतला, एकदा खोपोलीला बसता येईल. खालापूरकडच्या चौक गावचा डॉक्टर आणि कडावचा डॉक्टर एकमेकांचे पेशंट पळवत नाहीत. तिथे मोकळं बोलणं जमेल. फोन मात्र कुणी बंद ठेवू नयेत. लावणीच्या दिवसांत साप चावलेला माणूस दुपारीच येतो.