चार तारा, दहा तारा

स्पॅनिशमध्ये 'क्वात्रो' म्हणजे चार. व्हेनेझुएलात आणि प्वेर्तो रिकोत मात्र हे नाव घराघरांतल्या वाद्याचंही आहे. दोन्ही वाद्यं स्पेनहून आलेल्या गिटारींच्या कुळातली, पण शेजारी ठेवली तर सख्खी वाटणार नाहीत.

व्हेनेझुएलाचा क्वात्रो नावाला जागला. तारा चारच: ला, रे, तीव्र फा आणि सी. खरी करामत शेवटच्या तारेत आहे. ती सर्वांत चढी असेल असं वाटतं, पण ती एक सप्तक खाली उतरवलेली असते. त्यामुळे हात फिरवला की सूर तिसऱ्या तारेपर्यंत चढतात आणि चौथीवर खाली येतात. शिकणारी मुलं ही चढउतार 'काम्बुर पिन्तोन' या शब्दांवर घोकतात. पिकायला लागलेलं केळं असा त्याचा अर्थ. या वाद्याचा जीव उजव्या हातात आहे. एका आघातात तारा झंकारतात, पुढच्यात तोच हात त्या दाबून टाकतो आणि नुसता कोरडा ठोका ऐकू येतो. होरोपो या लोकसंगीतात हार्प चाल वाजवतो, माराकास खुळखुळतात आणि क्वात्रो सूर आणि ताल दोन्ही सांभाळतो.

प्वेर्तो रिकोतल्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांचा, हिबारोंचा, जुना क्वात्रोही चार तारांचाच होता. त्या आतड्याच्या असत. आज त्याला पोलादी तारांच्या पाच जोड्या आहेत, म्हणजे दहा तारा. जोड्या एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर लावलेल्या, आणि खर्जाकडच्या दोन जोड्यांत एक तार दुसरीच्या सप्तकभर वर. हा क्वात्रो साथीपुरता राहत नाही, स्वतः गातो.

यांतला अस्सल कोणता, हा वाद मला पटत नाही. ताल धरणाऱ्या हाताला एका फटकाऱ्यात सगळ्या तारा कवेत हव्या असतात, त्याला चार पुरतात. चाल गाणाऱ्याला आवाका हवा आणि आवाजही. आपल्या सतारीच्या नावातही फारसीतल्या तीन तारा आहेत. आज तिच्यावर वीसच्या आसपास तारा असतात, म्हणून तिला कुणी परकी मानत नाही.

योमो तोरो हे प्वेर्तो रिकोचे वादक न्यूयॉर्कला गेले. विली कोलोन आणि हेक्टर लाव्हो यांच्या 'असाल्तो नाविदेन्यो' या नाताळच्या सालसा-अल्बममध्ये त्यांचा क्वात्रो ट्रॉम्बोनच्या भरदार आवाजातूनही लख्ख ऐकू येतो. आतड्याच्या चार तारांचा त्या गलबल्यात निभाव लागला नसता.