सेकंदाला सहा थांबे

स्वस्थ बसा. खांदे सैल सोडा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

आता एक घड्याळ मनासमोर आणा. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, ग्लासह्यूट नावाच्या लहानशा गावात घडलेलं ‘ए. लांगे उंड झोने’ या कंपनीचं ‘१८१५’. हे नाव म्हणजे संस्थापक फर्डिनांड आडोल्फ लांगे यांचं जन्मवर्ष. निळे काटे, खिशातल्या जुन्या घड्याळांवर असत तसे सुबक अंक, कडेला रुळांसारखी मिनिटांची पट्टी. सहाच्या जागी सेकंदाचं छोटं वर्तुळ. नजर या तबकडीवरून एकदा सावकाश फिरू द्या.

मनातल्या मनात त्याला चावी द्या. बोटांना हळूहळू जड लागतं. आत स्प्रिंग घट्ट गुंडाळली जाते आहे. तिच्यात आता दोन दिवसांहून अधिक काळ पुरेल एवढी ताकद आहे. कोणी अडवलं नाही, तर चक्रं गरगर फिरतील आणि ही सगळी ताकद काही क्षणांत संपून जाईल.

पण अडवणारं कोणीतरी आहे. एक इवलासा दांडा, त्याला माणकाचे दोन तुकडे. ते चक्राचा दात धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. सेकंदाला सहा वेळा, तासाला २१,६०० वेळा. सुटणारा प्रत्येक दात मागे-पुढे झुलणाऱ्या बॅलन्स व्हीलला हलकासा धक्का देतो आणि त्याचा झोका चालू राहतो. आपण ऐकतो ती टिकटिक या धरण्या-सोडण्याचीच.

इथे थोडं थांबा.

तुमच्या आत काय गुंडाळलेलं आहे? राग असेल, उत्साह असेल, कोणाबद्दलची माया असेल. त्यातलं काय तुम्ही एका दमात उधळून टाकता? फक्त पाहा. उत्तराची घाई नको.

आता घड्याळ उलटं करा. काचेतून बॅलन्स व्हीलला धरणाऱ्या पट्टीवरचं फुलापानांचं नक्षीकाम दिसेल. ते हातानेच कोरलेलं असतं. हे घड्याळ दोनदा जुळवतात. एकदा जुळवून, नीट चालवून, पुन्हा पूर्ण सुटं करतात. मग भाग स्वच्छ करून, पॉलिश करून नव्याने बसवतात. चालतं घड्याळ सुटं करायला किती धीर लागत असेल, याचा विचार मनात राहू द्या.

या घराण्याचं कामही असंच थांबलं होतं. १९४८ मध्ये जर्मनीच्या सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व भागात कारखाना सरकारजमा झाला. संस्थापकांचे पणतू वॉल्टर लांगे यांनी ७ डिसेंबर १९९० रोजी कंपनीची पुन्हा स्थापना केली, तेव्हा ते ६६ वर्षांचे होते.

एक खोल श्वास घ्या. आजच्या दिवसातलं एकच काम निवडा, ज्यात तुमचा जीव गुंतला आहे. सगळी ताकद आजच ओतू नका. आजच्यापुरता एक दात सुटू द्या, बाकीची ताकद उद्यासाठी धरून ठेवा. ती धरून ठेवण्यातही तुमचीच शक्ती लागते, आणि काम तडीला जातं ते तिच्यामुळे.