ठसा

नाताळ जवळ आला की इंदूरच्या ख्रिस्ती घरांतून मुले हाताने शुभेच्छापत्रे करतात. जाड कागदावर रंगीत कागद, त्यावर त्याहून लहान पांढरा, आणि सर्वांत वर शाईचा ठसा. शेजारच्या धार जिल्ह्यात बागचे कारागीर कापडावर लाकडी ठसा उमटवतात, तसाच हाही सरळ दाबून सरळ उचलावा लागतो. हात हलला की तारा दुहेरी दिसतो. मग खालचे थर कितीही सुंदर असले तरी पत्र वाया जाते.

इब्री 1:3 मध्ये पुत्राविषयी योजलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ठशाने उमटलेली खूण असाच आहे. पित्याचे रूप ख्रिस्तात स्पष्ट उमटले. आपले काय? उपासना, गीते, दानार्पण हे थर आपण नीट चिकटवतो. पण सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला असेल, तर वर उमटले काय? यंदाचे पहिले पत्र त्याच्याच दारी नेऊ या.