देणाऱ्याचे भय आणि घेणाऱ्याचे भय

गरिबांसाठी केलेला कोणताही कायदा दोन प्रकारे चुकू शकतो. ज्याला गरज नाही त्याच्या हाती मदत पडते, ही एक चूक. ज्याला गरज आहे तो मदतीवाचून राहतो, ही दुसरी. या दोन्ही चुका एकाच वेळी पूर्णपणे टाळता येत नाहीत. चाळणी फार बारीक घेतली की कोंड्याबरोबर पीठही वरच राहते. फार जाड घेतली की पिठाबरोबर कोंडाही खाली उतरतो. म्हणून राज्यकर्त्याला आधी हे ठरवावे लागते की या दोहोंपैकी कोणत्या चुकीचे भय अधिक बाळगायचे. हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे, आणि श्रद्धावंतासाठी तो जाब देण्याचाही आहे.

आपल्या देशाच्या संसदेत हा प्रश्न अन्नसुरक्षा विधेयकाच्या निमित्ताने सविस्तर चर्चिला गेला. डिसेंबर २०११ मध्ये मांडलेल्या मूळ मसुद्यात गरजूंचे दोन वर्ग केले होते. 'प्राधान्य' वर्गातील व्यक्तीला दरमहा ७ किलो धान्य आणि 'सर्वसाधारण' वर्गातील व्यक्तीला किमान ३ किलो. नागपूरचे तत्कालीन खासदार विलास मुत्तेमवार यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने जानेवारी २०१३ मध्ये ही विभागणी मोडून एकच वर्ग करावा आणि प्रत्येकाला ५ किलो द्यावे, अशी शिफारस केली. लोकसभेने २६ ऑगस्ट २०१३ रोजी आणि राज्यसभेने २ सप्टेंबर रोजी विधेयक मंजूर केले. ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्या त्याच्या कक्षेत आली. अंत्योदय कुटुंबांचे ३५ किलो कायम राहिले. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो, असा दर ठरला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते.

त्या चर्चेत एका बाजूने तिजोरीवरील भाराची आणि गळतीची चिंता व्यक्त झाली, निवडणुकीच्या तोंडावर मतांसाठी हे चालले आहे अशी टीका झाली. दुसऱ्या बाजूने असा आग्रह होता की निवड करूच नका, सर्वांना द्या. कारण निवड करू लागलात की नेमका दुर्बळच बाहेर राहील. जुलै २०२२ पासून 'रेवडी' हा शब्द राजकारणात रुजला आणि वाद पुन्हा पेटला. सभागृहे बदलतात, पक्षांची बाके बदलतात. पण वाद त्याच दोन चुकांभोवती फिरतो.

पहिल्या चुकीला भिणाऱ्यांचे म्हणणे हलके लेखू नये. सार्वजनिक पैसा ही अमानत आहे. धनवानाच्या घरी गेलेले धान्य दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून गेलेले असते. तरीही दोन्ही चुका समान वजनाच्या नाहीत. अपात्र माणसाला मिळालेली मदत पुढच्या महिन्यात थांबवता येते, वसूलही करता येते. उपाशी गेलेला महिना कोणत्याही आदेशाने परत देता येत नाही. पहिल्या चुकीचे ओझे कोट्यवधी करदात्यांत विभागले जाते. दुसरीचे सारे ओझे एकाच घरावर, बहुधा त्या घरातील सर्वांत लहान जिवावर पडते. शिवाय पहिली चूक कागदावर दिसते, लेखापरीक्षणात सापडते. जो यादीत आलाच नाही, त्याची मात्र कुठेही नोंद नसते.

पवित्र कुरआनने या न दिसणाऱ्या माणसाकडे आपले लक्ष मुद्दाम वेधले आहे. सूरह अल-बकराच्या २७३ व्या आयतीत अशा गरजवंतांचे वर्णन आहे, ज्यांच्या संयमामुळे अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो, कारण ते लोकांच्या पाठी लागून मागत नाहीत. याच आशयाची हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे : घासा-दोन घासांसाठी दारोदार फिरणारा हा खरा मिस्कीन नव्हे; ज्याच्यापाशी पुरेसे नाही आणि ज्याची अवस्था कुणाच्या ध्यानातही येत नाही, तो खरा मिस्कीन. सूरह अल-मआरिजच्या २४ व २५ व्या आयतींत तर मागणाऱ्याबरोबर वंचिताचाही श्रीमंतांच्या संपत्तीत ठरलेला 'हक्क' सांगितला आहे. मराठीने अरबीकडून घेतलेला हा शब्द आपण न्यायालयात सहज वापरतो. रेशनच्या रांगेत मात्र त्याच्या जागी 'लाभार्थी' हा शब्द येतो. हक्कदाराला शोधत जाणे हे देणाऱ्याचे काम असते, तर लाभार्थ्याने आपण लायक असल्याचे सिद्ध करून दाखवायचे असते.

अटी घालूच नयेत असा याचा अर्थ नाही. पण घातलेली अट प्रत्यक्षात काय घडवते, हे पाहण्याची जबाबदारी अट घालणाऱ्याची आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात बालकांना बैतुलमालमधून वृत्ती मिळे, अट एवढीच की मूल अंगावरून तुटलेले असावे. एकदा मदीनेबाहेर उतरलेल्या व्यापारी काफिल्याची रखवाली करीत असताना त्यांना रात्रभर एका तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येत राहिले. आईला विचारले, तेव्हा समजले की ती वेळेआधीच त्याचे दूध तोडू पाहत आहे; उमर दूध सुटलेल्या मुलांनाच वृत्ती देतात म्हणून. आपण कुणाशी बोलतो आहोत, हे तिला ठाऊक नव्हते. इब्न साद यांनी नोंदवले आहे की त्या पहाटेच्या नमाजमध्ये खलिफांना इतके रडू आले की त्यांचे कुरआनपठण लोकांना नीट ऐकू येईना. नमाजनंतर त्यांनी दवंडी पिटवली : मुलांचे दूध तोडण्याची घाई करू नका, यापुढे प्रत्येक नवजात बालकाला वृत्ती मिळेल.

त्या आईला त्यांनी फसवणुकीबद्दल दोष दिला नाही. दोष नियमात होता आणि नियम त्यांचा होता. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यानेही गरोदर व स्तनदा मातांना किमान ६,००० रुपयांचे साहाय्य लिहून दिले होते. २०१७ मध्ये योजना आली तेव्हा ती ५,००० रुपयांची आणि केवळ पहिल्या अपत्यापुरती झाली. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर तिच्यासाठीही साहाय्य मिळू लागले. दुसऱ्या बाळंतपणात मुलगा झालेल्या मजूर स्त्रीला पोषणाची गरज कमी असते काय? ही अट लिहिणाऱ्यांनी तिच्या दारापर्यंत जाऊन हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता.

येथे घेणाऱ्याचा विचार सुरू होतो, आणि तो टाळून चालणार नाही. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये ठरवली गेली. शहरात महिन्याला पाच हजारांपेक्षाही कमी मिळकत! यामुळे मशिदीच्या इमामापुढे येणारा एक नेहमीचा प्रश्न असा असतो : "मौलाना, मी वॉचमनचे काम करतो. खरे उत्पन्न सांगितले तर नाव यादीतून जाते. दाखल्यावर कमी रक्कम लिहून घेतली तर चालेल का?"

या प्रश्नाला 'चालेल' असे उत्तर देता येत नाही. खोटी साक्ष मोठ्या पापांपैकी एक आहे, आणि गरिबीमुळे असत्याचे सत्य होत नाही. सूरह अल-बकराच्या १७३ व्या आयतीतील सवलत अगदी निरुपाय झालेल्या माणसासाठी आहे. तिचा सर्रास परवाना करता येत नाही. पण एवढे सांगून इमामाची सुटका होत नाही. जो नियम खरे बोलणाऱ्याला उपाशी ठेवतो आणि खोटे बोलणाऱ्याला धान्य देतो, तो लोकांना खोटेपणाचे शिक्षणच देत असतो. त्या पापाचा वाटा नियम करणाऱ्याकडे जातो. आणि त्या वॉचमनला 'नको' म्हणणाऱ्या मोहल्ल्यावर त्याच्या घरात धान्य पोहोचवण्याची जबाबदारी येते. 'नको' म्हणून तिथेच थांबणे हा अर्धवट फतवा होय.

मात्र ज्यांना खरोखरच गरज नाही, त्यांनी या सहानुभूतीच्या आड लपू नये. अन्नसुरक्षेच्या लाभार्थ्यांची संख्या कायद्याने जनगणनेशी बांधली आहे, आणि २०२१ ची जनगणना न झाल्याने ती २०११ च्या आकड्यांवरच थांबली. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ७ कोटी. जागा मोजक्या असताना दुकान, गाडी, पक्की नोकरी असलेल्या माणसाचे नाव यादीत राहिले, तर दारात उभ्या असलेल्या एका विधवेचे नाव बाहेर राहते. 'सरकारचे आहे, घेतले तर काय बिघडले' या वाक्यातले सरकार म्हणजे प्रत्यक्षात ती विधवा असते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे हप्ते सरकारी नोकरीतील महिलांनीही उचलल्याचे पुढे उघड झाले. त्यांत कोणत्या धर्माचे किती, हा हिशेब आपण करू नये. आपल्या घरात असा पैसा आला आहे काय, एवढेच प्रत्येकाने पाहावे.

देणाऱ्याने कशाला भ्यावे आणि घेणाऱ्याने कशाला, याचा उत्तम नमुना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणात आहे. निरोपाच्या हजच्या वेळी ते सदक्याचे वाटप करीत असताना दोन माणसे मागायला आली. प्रेषितांनी (स.) त्यांना आपादमस्तक न्याहाळले; दोघेही धडधाकट दिसले. अबू दाऊद आणि नसाई यांच्या संग्रहांतील या हदीसनुसार, त्यांनी दोघांना सांगितले की तुमची इच्छा असेल तर देतो, पण यात धनवानाचा आणि कमावू शकणाऱ्या सशक्ताचा वाटा नाही. त्यांनी चौकशी बसवली नाही, साक्षीदार मागितले नाहीत, हात आखडला नाही. नियम स्वच्छ शब्दांत सांगितला आणि निर्णय मागणाऱ्याच्या विवेकावर सोपवला. हनफी फिक्हनेही हीच दृष्टी ठेवली आहे : योग्य तो विचार करून गरजू समजून जकात दिली आणि नंतर तो माणूस सधन निघाला, तरी इमाम अबू हनीफा यांच्या मते जकात अदा झाली. घेणाऱ्याने मात्र ठाऊक असून घेतली, तर ती त्याच्यासाठी हराम.

म्हणजे एकाच व्यवहारात दोघांची भये वेगवेगळी आहेत. देणाऱ्याने कुणी गरजू सुटला तर नाही ना, याचे भय बाळगावे. घेणाऱ्याने आपल्या हाती दुसऱ्याचा वाटा तर आला नाही ना, याचे. आपल्याकडे बिघाड होतो तो या भयांची अदलाबदल झाल्यामुळे. देणारा घेणाऱ्याच्या लबाडीला भीत राहतो, आणि घेणारा देणाऱ्याच्या कंजुषीकडे बोट दाखवून स्वतःला माफ करतो.

हे माप संसदेला लावताना आपल्या वस्तीलाही लावले पाहिजे. दगड फोडून, भांडी घासून ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या, त्यांना रेशन दुकानातील यंत्र ओळखत नाही, याचा आपल्याला राग येतो. तो योग्यच आहे. पण रमजानमध्ये जकातीची पाकिटे वाटताना आपणही विधवांना उन्हात रांगेत उभे करतो, चार जणांसमोर त्यांची उलटतपासणी करतो, हातात पिशवी देताना छायाचित्र काढतो. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून आपला सदका वाया घालवू नका, ही सूरह अल-बकराच्या २६४ व्या आयतीतील ताकीद आधी आपल्यासाठी आहे. प्रत्येक मशिदीच्या समितीने रमजानपूर्वी दोन जबाबदार माणसे आणि दोन स्त्रिया नेमून न मागणाऱ्या घरांची यादी गुपचूप तयार करावी, आणि ती पाकिटे रात्री घरपोच जावीत. यासाठी कोणत्याही सभागृहाच्या मंजुरीची गरज नाही.

अल्लाह आपल्या राज्यकर्त्यांना रडणाऱ्या मुलाचा आवाज ऐकण्याइतके जागे ठेवो, आणि दुसऱ्याच्या हक्काचा एक दाणाही आपल्या घरात येण्यापासून आपणा सर्वांचे रक्षण करो. आमीन.