कारण आणि सबब

हातातून कप निसटला की आपण म्हणतो, ‘कप फुटला.’ दूध उतू जाते, किल्ली हरवते, गाडी चुकते. करणाऱ्याला वाक्याबाहेर ठेवण्याची ही सोय भाषेने आपल्याला दिली आहे, आणि आपण तिचा मनसोक्त उपयोग करतो. अशा वेळी मला जपानच्या सहा क्रमांकाच्या पाणबुडीची आठवण होते.

हॉलंड यांच्या आराखड्यावर बेतलेल्या त्या चिमुकल्या बोटीत पाण्यावर चालण्यासाठी पेट्रोलचे एंजिन होते आणि पाण्याखाली विजेची मोटर. एंजिनाला हवा लागते. म्हणून बोट बुडवून, हवेची नळी तेवढी वर ठेवून एंजिन चालवण्याचा सराव १५ एप्रिल १९१० रोजी हिरोशिमाच्या उपसागरात चालला होता. बोट ठरल्यापेक्षा खोल गेली. नळीची झडप मिटवणारी साखळी तुटली. झडप हातांनी मिटवली, तोवर मागचा भाग पाण्याने भरला होता. विजेचा फलक भिजला, दिवे गेले, विषारी वायू पसरला. आत चौदा माणसे होती. एकही वाचले नाही.

लेफ्टनंट साकुमा यांनी वरच्या मनोऱ्यातून झिरपणाऱ्या उजेडात एक पत्र लिहिले. शेवटची नोंद १२ वाजून ४० मिनिटांची आहे. आरंभी बोट आणि माणसे गमावल्याबद्दल क्षमा मागितली आहे. मग बुडण्याची कारणे. या अपघाताने पाणबुड्यांची प्रगती थांबू नये, आणि आपल्या माणसांची कुटुंबे उघडी पडू नयेत, एवढेच मागणे.

साखळी तुटली, हे खरेच होते. क्षमेऐवजी ते सांगितले असते, तर ती सबब झाली असती. क्षमेनंतर सांगितले, म्हणून ते कारण झाले. सबब आपल्याला वाचवते, कारण पुढच्याला.

पुढे जपानी क्रमिक पुस्तकांनी साकुमांना कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून मिरवले. अशा गौरवात एक धोका असतो : माणसाची थोरवी गाताना साखळीचा विसर पडतो, आणि ती करणारा सुटतो. सारा दोष मुकाट्याने स्वतःवर घेणे हेही अर्धसत्यच. साकुमांनी तसे केले नाही. त्यांच्या पत्रात क्षमाही आहे, साखळीही आहे.

या दिवाळीत घरात एखादी पणती कलंडेल. ‘माझ्याकडून पडली, चौरंग डुगडुगत होता,’ एवढे पोराला न भिता म्हणता आले, तर पुष्कळ झाले. मग आपण चौरंगाचा पाय नीट करावा.