सोशिक झाडाला पाणी कोण घालणार?

चेन्नई म्हणजे वाळवंट नव्हे. वर्षाला सरासरी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस तिथे पडतो, आपल्या पुण्यापेक्षा कितीतरी अधिक. पण त्यातला मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच येऊन जातो. मग कडक उन्हाळा, आणि किनाऱ्याकडची जमीन रेताड. २०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम ही शहराची चारही मोठी जलाशये जवळजवळ कोरडी पडली. १२ जुलैला जोलारपेट्टैहून सुमारे २५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी शहरात आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी तुम्हाला आठवत असेल. तीच कथा, गाव वेगळे.

अशा शहरात, किंवा अशाच एखाद्या मराठवाडी गावात, अंगणात फुलझाड लावावे का? शेजारी घागर घेऊन टँकरची वाट पाहत असताना आपण शोभेसाठी पाणी ओतावे, हे मनाला पटत नाही. पटूही नये. म्हणून जाणते लोक सुचवतात : सोशिक झाड लावा. बहावा लावा.

सल्ला उत्तम आहे. बहावा आपल्या मातीतला. तमिळ लोक त्याला कोन्रै म्हणतात आणि शिवाच्या मस्तकावर त्याचीच माळ पाहतात. उन्हाळा तापला की तो पाने गाळतो, म्हणजे पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचवतो, आणि त्याच दिवसांत पिवळ्या झुंबरांनी लगडतो. याउलट मादागास्करहून आलेला गुलमोहर. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आदळले, तेव्हा हजारो झाडे पडली आणि त्यांत गुलमोहर, सोनमोहर पुष्कळ होते. ठिसूळ लाकूड, उथळ मुळे. अर्थात बुंध्यापर्यंत सिमेंट ओतणाऱ्यांनीही त्यात आपला हातभार लावला होता.

पण ‘सोशिक झाड’ या शब्दात एक फसगत आहे. सोशिकपणा मोठ्या झाडाचा असतो, रोपाचा नसतो. बहाव्याचे बी इतके कठीण असते की कवच घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात भिजवल्याशिवाय ते सहसा लवकर रुजत नाही. रुजले तरी पहिली दोन-तीन वर्षे त्याला पाणी लागते. सोशिक म्हणून आणले, खड्ड्यात लावले आणि पुन्हा पाहिले नाही, की ते पहिल्याच मे महिन्यात जाते. मग आपण म्हणतो, जात चिवट होती, पण हे रोपच कमजोर निघाले.

हेच आपण माणसांच्या बाबतीत करत नाही का? घरातल्या एखाद्या बाईला आपण कौतुकाने ‘फार सोशिक हो’ म्हणतो, आणि तिच्या ताटात शेवटी काय उरले ते पाहत नाही. पाणी तुंबून लोकल बंद पडते, लोक रुळांवरून चालत घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या ‘स्पिरिट’चे गोडवे गायले जातात. २०१९ मध्ये रात्र-रात्र रांगेत उभ्या राहिलेल्या चेन्नईच्या बायकांचा धीर खरा होता, वाखाणण्याजोगा होता. पण त्या धीराची स्तुती करणाऱ्याने एक घागर तरी उचलली होती का, हे विचारायला हवे. सोशिकपणाची स्तुती ही पुष्कळदा जबाबदारी टाळण्याची सभ्य रीत असते.

यावर कोणी म्हणेल, तितिक्षा हा तर साधकाचा गुण आहे, शमादि षट्संपत्तीत तिची गणना आहे. खरे आहे. परंतु तितिक्षा स्वतः स्वीकारायची असते, दुसऱ्यावर सोपवायची नसते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला शीत-उष्ण सहन करायला सांगतात. सांगणारा कुठे बसला होता ते पाहा. त्याच रथात, घोड्यांचे लगाम हातात घेऊन, त्याच बाणांच्या माऱ्यात.

आता दुसरी बाजू. रोज थोडे-थोडे पाणी शिंपडणे हीसुद्धा माया नव्हे. वरची दोन बोटे माती ओली राहते, मुळे तिथेच घुटमळतात आणि झाड कायमचे आपल्या बादलीवर अवलंबून राहते. मुलांना, कार्यकर्त्यांना, सेवावस्तीतल्या लोकांना आपण कधी-कधी असेच वाढवतो. त्यांना गरज आहे तोवरच द्यावे, हे सोपे नसते. कारण देत राहण्यात आपल्यालाही गोडी लागलेली असते. किती दिवस द्यायचे, याचे उत्तर झाडाच्या बाबतीत तरी ठरावीक तारखेत नाही. ते त्याच्या पालवीकडे पाहूनच कळते, आणि पाहायचे तर रोज त्याच्यापाशी जावे लागते. रोज जाणारा आणि तरीही रोज पाणी न घालणारा माळी मला सर्वांत शहाणा वाटतो.

तेव्हा लावायचाच असेल तर असा लावा. चेन्नईकडे ऑक्टोबरच्या पावसाआधी, महाराष्ट्रात मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. रोपाशेजारी एक भाजलेले, सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत पुरा आणि ते भरून झाका. पाणी झिरपत खोल मुळांशी जाते. मडक्यात साठवलेले पावसाचे पाणी घाला आणि तांदूळ-भाजी धुतलेले पाणी आळ्यात, म्हणजे शेजाऱ्याच्या घागरीतले काही घेतले जाणार नाही. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर ठेवा. रोप वाढेल तसे आळे बुंध्यापासून दूर सरकवत न्या, मुळे पाण्यामागे बाहेर जातील. दुसऱ्या उन्हाळ्यात दोन पाण्यांतले अंतर वाढवा, तिसऱ्यात आणखी. फुले यायला काही वर्षे जातील. तोवर जाता-येता त्याची पाने पाहत जा.